कूलरपाशी बोलायच्या गोष्टी

हेडफोन घ्यायला आलेला आमच्याकडचा माणूस तो आधी कानाला लावत नाही, हातावर तोलून पाहतो. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी दोन हातांत दोन हेडफोन घेऊन, डोळे मिटून, बराच वेळ काउंटरपुढे उभे राहिले होते. मग उजव्या हातातला पुढे करून म्हणाले, "हा द्या. हा भरीव हाय." मी म्हटलं, भाऊ, हा डोक्यावर घालायचा आहे, पेटीत भरून दिल्लीला पाठवायचा नाही. जड हेडफोन तासाभरात मान धरतो. ते मनमोकळं हसले आणि भरीवच घेऊन गेले. हलका मालही चांगला असू शकतो, हे वऱ्हाडात सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अमरावतीत राजकमल चौकापासून चालत जाण्याजोगं एक आवाजाचं दुकान आहे. तिथं मी काउंटरवर उभी राहिले, ती केस पांढरे होईपर्यंत. आवाजाचं दुकान म्हणजे आधी कॅसेटी, मग सीड्या, मग मोबाइल आल्यावर कानात आणि कानावर जे काही घालता येतं ते सगळं. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मीही दिला. माहेर माझं अकोल्याचं. आमच्या अकोल्याची माणसं उन्हाळ्यात पारा किती चढला हे पोराचे मार्क सांगावेत तसं सांगतात, आणि अमरावतीचा पारा एक अंशानं कमी असला तर सासरच्यांची कीव करतात. बोलताना मी अजून वऱ्हाडीच बोलते. पुस्तकी मराठी इथं लिहून राहिले ती या अंकाच्या संपादकबाईंच्या धाकानं.

बाईंनी सांगितलं, चांगला हेडफोन कसा निवडावा तेही लिहा, वाचकांना उपयोग होईल. लिहिते. उपयोग होणार नाही हेही आधीच सांगून ठेवते. हेडफोन निवडताना माणूस दुकानदाराचं ऐकत नाही, साळ्याचं, म्हणजे बायकोच्या भावाचं ऐकतो. साळा पुण्याला असला तर बोलायलाच नको.

कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यायचा असेल तर त्याची गादी कानावर नाही, कानाभोवती बसली पाहिजे. आतला कान मोकळा राहिला पाहिजे. चष्मा असेल तर चष्मा घालून या. काडीमुळे गादी उचलली जाते आणि तिथून आवाज निसटतो. मग माणूस घरी जाऊन म्हणतो, ढोलकीत दम नाही. डोक्यावर चढवला की चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तसाच ठेवा. पहिल्या मिनिटात सगळेच मऊ लागतात. कानशिलं दुखायला लागतात ती चहा संपता संपता. आणि मुख्य म्हणजे वरातीतलं गाणं लावून हेडफोन पारखू नका. धडाम्‌धुडूम सगळ्याच डब्यांतून वाजतं. माणसाचं साधं बोलणं लावा. बातम्या सांगणारी बाई समोर बसून बोलते असं वाटलं, तिचे स आणि श कानाला टोचले नाहीत, तर माल चांगला.

हे सगळं मी हिवरखेडच्या एका गृहस्थांना नीट समजावून सांगितलं होतं. ऐन वैशाखात आले होते. उन्हासाठी डोक्याला, कानांना, गळ्याला पांढरा दुपट्टा गच्च बांधलेला. त्यांनी त्या दुपट्ट्यावरूनच हेडफोन चढवला आणि आवाज बारीक येतो म्हणून तक्रार केली. मी दुपट्टा सोडायला सांगितलं. ते म्हणाले, बाई, ऊन लागन ना. दुकानाच्या आत कुठलं ऊन? पण दुपट्टा काही सुटला नाही. एकेक करून सगळे हेडफोन नापास करून ते निघून गेले आणि जाताना शेठना सांगून गेले की माल बोगस ठेवता. शेठ म्हणजे आमचे मालक. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुपट्टा मीच बांधला होता.

शेठचीही एक युक्ती होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. हल्लीच्या महाग हेडफोनला एक बटण असतं. ते दाबलं की बाहेरचा आवाज कमी होतो. त्याच्या पोटात बारका माइक असतो, तो बाहेरची घरघर ऐकतो आणि तिला पुसून टाकणारा उलटा आवाज कानात सोडतो. पंखा, बसचं इंजिन, गिरणी असल्या एकसुरी आवाजांवर हे छान चालतं. माणसाच्या बोलण्यावर फारसं चालत नाही. बोलणं वर-खाली होतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. यंत्राला ते धरता येत नाही.

शेठनी या महाग हेडफोनांचं टेबल मुद्दाम कूलरच्या तोंडाशी मांडलं होतं. आमचा कूलर म्हणजे पत्र्याचा, खसच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा, माणसाएवढा उंच. तो सुरू असला की समोरच्याशी ओरडून बोलावं लागे. गिऱ्हाइकानं हेडफोन चढवला, मी बटण दाबलं, की कूलर गेलाच. लोक दचकून वर पंख्याकडे पाहायचे. दहातले आठ जण एकच वाक्य बोलायचे, "बाप्पा, लाइट गेली काय?" आणि गार वारा तर तोंडावर येतोच आहे. हा चमत्कार झाला की साळ्याचाही सल्ला मागे पडायचा.

आता पुण्या-मुंबईच्या वाचकांना वऱ्हाडातला कूलर काय असतो ते सांगायला हवं. तुमच्याकडे ते थंड हवेचं यंत्र असेल. आमच्याकडे तो घरातला आडोसा आहे. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत सगळं घर एका खोलीत, कूलरपुढे राहतं. जेवण तिथं, झोप तिथं, पोरांचा अभ्यास तिथं, पाहुणे तिथं. मग चार माणसांत खाजगी बोलायचं कुठं? कूलरपाशी. त्याच्या अगदी अंगाला टेकून हळू बोललं की तीन हातांवर बसलेल्यालाही शब्द कळत नाही. सासूच्या कागाळ्या, कुणाचं दुखणं, कुणाचं स्थळ, सगळं त्या घरघरीत बोलून होतं. माझं स्वतःचं लग्न माझ्या आईवडिलांनी असंच कूलरपाशी ठरवलं. मी त्याच खोलीत बसून गहू निवडत होते.

आमच्या दुकानासमोर महादेवभाऊंची फुलांची गाडी लागायची. रोज सकाळी दुकान उघडलं की शेठच्या देवाच्या फोटोला हार घालायला ते स्वतः यायचे. कामाला वाघ माणूस. पहाटे फुलं आणायची, दिवस वर येईपर्यंत हार गुंफायचे, दुपारी घरी पाठ टेकायची, संध्याकाळी पुन्हा गाडी. जया त्यांची एकुलती एक मुलगी. लहान असताना ती गाडीमागे बसून दोरे कापून द्यायची. पण तिनं क्लास लावला त्या दिवसापासून बापानं तिला गाडीवर बसू दिलं नाही. सुई बोटात शिरली की लिहिता येत नाही, म्हणायचे. जया मराठी लघुलेखन शिकत होती. कोर्टात साहेब बोलतात ते त्याच वेगानं खुणांच्या लिपीत उतरवून घ्यायचं आणि मग जसंच्या तसं टाइप करून द्यायचं, हे लघुलेखकाचं काम. तिला कोर्टातली जागा हवी होती. दिवसभर मोबाइलवर कुणाचं तरी भाषण लावून ती उतरवत बसायची. थोडं ऐकायचं, थांबवायचं, पुन्हा लिहून पाहायचं.

एका दुपारी महादेवभाऊ गाडी झाकून दुकानात आले. म्हणाले, पोरीला कान पुरे झाकणारा हेडफोन पाहिजे, घरात एकच खोली थंड, तिथं बारा भानगडी, पोरीचा अभ्यास होत नाही. मी तारेचा एक साधा, घट्ट गादीचा काढला. लघुलेखनाला तोच बरा, बोलणं स्वच्छ येतं, बाहेरचंही बरंच अडतं. पण तोवर शेठनी त्यांना कूलरपाशी नेलं होतं. बटण दाबलं गेलं. महादेवभाऊंनी वर पाहिलं, मग कूलरकडे पाहिलं, पाणी तर टपटपत होतं. त्यांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "भाऊ, यानं कूलर जाते, बोलनं जात नाई. उलट बोलनं जास्तच आयकू येते."

"हाव न ताई," महादेवभाऊ कानावर हेडफोन तसाच ठेवून आनंदानं म्हणाले, "तुमचं बोलनं एकदम साफ आयकू येऊन राह्यलं. बांधा हाच."

याच्यापुढे दुकानदारानं काय करावं? मी बांधून दिला.

पंधरा-वीस दिवसांनी जया आली. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, शेठ मागे आडवे झाले होते. जया बोलायला कमी. सतत ऐकण्याचा अभ्यास करून तशी झाली असावी. तिनं हेडफोनची डबी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "काकू, यातून मानसाचं बोलनं बंद होते काय?"

मी सांगितलं, नाही होत बाई, तुझ्या बापाला मी सांगितलं होतं. बिघडलाय का? ती म्हणाली, नाही, बिघडला नाही. चांगलाच चालतो. मग बाकावर बसली आणि तिनं जे सांगितलं ते असं.

ती भाषण ऐकायची, थांबवायची आणि लिहायची. थांबवलं तरी हेडफोन कानावरच असायचा आणि बटण चालूच. आईवडिलांना वाटायचं, एवढ्या मोठ्या वाट्या कानांवर आहेत म्हणजे पोरगी या जगात नाही. आधी ते निदान कूलरला टेकून, तिच्याकडे पाठ करून बोलायचे. आता तर तिच्यासमोर बसून बोलायला लागले. आणि तिच्या कानातला कूलर गेलेला. जन्मभर त्या घरघरीत जे बुडत होतं, ते आता बातम्यांसारखं स्वच्छ येत होतं.

बोलणं अकोल्याच्या स्थळाचं होतं. मुलाचा लग्नमंडप सजवण्याचा धंदा, घरचं फुलांचं दुकान. त्यांना दुकानात उभी राहील अशी सून पाहिजे, नोकरीवाली नको. जयाच्या आईवडिलांनी तिला न विचारता होकार देऊन टाकला होता. आई म्हणाली, आता सांगू नका, परीक्षा बिघडेल. त्यावर बाप म्हणाला, "देऊ दे परीक्षा. तिचं मन राह्यते. पास थोडीच होनार हाय."

हे वाक्य सांगताना जयाचा आवाज जराही हलला नाही.  लग्न ठरवलं ते एक वेळ समजू शकते, मायबापाला घाई असते. पण सुई लागू नये म्हणून पोरीला हारांना हात लावू न देणारा हा माणूस, तो मनातून तिला नापास धरून बसला होता. मला इतका राग आला की तेव्हाच समोर जाऊन त्यांची गाडी उलटवावी असं वाटलं. पण गाडी झाकलेली होती आणि ते घरी, कूलरपुढे झोपले होते.

मी तो तारेचा साधा हेडफोन काढला आणि जयाच्या डोक्यावर चढवला. तिच्यासमोर उभी राहून डबीवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. कूलरच्या घरघरीत तिला शब्द पोचेना, ती नुसती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. बराच वेळ ती तशीच बसून होती. इतकी शांत की मला वाटलं, चला, पोरीला पाहिजे ते मिळालं. मी मनातल्या मनात दोन्ही डब्या बदलूनही टाकल्या. शेठना काय सांगायचं तेही ठरवलं. मग तिनं तो काढून माझ्या हातात दिला.

"नको काकू. माह्या जवळचाच राहू द्या," ती म्हणाली. "अर्धं आयकलं, आता पुढचंही आयकते."

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी कठीण गेले. महादेवभाऊ रोज सकाळी यायचे, फोटोला हार घालायचे आणि हेडफोनचं कौतुक करायचे. पोरगी अशी बुडून जाते ताई, भूकंप झाला तरी तिला कळणार नाही. मी हूं म्हणायचे. सांगावं तर जयाचा विश्वास जातो, न सांगावं तर हा भाबडा माणूस रोज स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकदा मी म्हणाले, भाऊ, पोरीसमोर जपून बोला. ते म्हणाले, तिच्यासमोर आम्ही बोलतच नाही, ती अभ्यासाला बसली की मगच बोलतो. मी कपाळाला हात लावला. एवढा मोठा बह्याड, खुळा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तरी त्याची दयाही येत होती. चुकूनही तो पोरीला तोडून बोलला नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण तिचं मन जपतोय.

परीक्षेची तारीख जाहीर झाली. आणि त्याच आठवड्यात अकोल्याहून साक्षगंधाचा निरोप आला. साक्षगंध म्हणजे आमच्याकडे साखरपुडा. त्यांच्याकडची सगळी मोठी माणसं एकाच दिवशी जमत होती, आणि तो दिवस नेमका परीक्षेचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवभाऊ हार घेऊन आले, पण फोटोकडे गेले नाहीत. हार हातातच धरून बाकावर बसले. आधी माझ्यावर उखडले. काय मशीन दिलं तुम्ही म्हणे, त्याच्यातून सगळं ऐकू येतं. मी म्हटलं, "भाऊ, कानावर घालून तुमीच म्हनले होते, एकदम साफ आयकू येते." त्यांनी हार मांडीवर ठेवला. मग हळूहळू सगळं सांगितलं.

आदल्या दुपारी जया लिहीत बसली होती. नवराबायको तिच्यासमोरच बोलत होते. जयाची आई शोभावहिनी म्हणाली, दिवस बदलून मागू. महादेवभाऊ म्हणाले, ते लोक ऐकणार नाहीत, परीक्षेचं पुढच्या वर्षी पाहू. तिला आठ दिवस आधी सांगू, आतापासून कशाला रडवायचं. एवढं झालं आणि जयानं हेडफोन काढून खाली ठेवला. ताठ बसली, परीक्षेत बसतात तशी, आणि वाचून दाखवायला लागली. हातात कागद नव्हता. आईचं वाक्य आईच्या हेलात, बापाचं बापाच्या. मध्ये बाप खोकलला होता, तिथं ती थांबली. आईनं उसासा टाकला होता, तिथं थांबली. कालचं संपल्यावर परवाचं. मग मागल्या महिन्यातलं.

"पास थोडीच होनार हाय," महादेवभाऊ मला म्हणाले, "हे बी म्हनून दाखोलं तिनं. माह्याच आवाजात. ताई, आपलं आपल्याले आयकाले लय वाईट लागते."

शोभावहिनी रडायला लागल्या. जया रडली नाही. सगळं म्हणून झाल्यावर बापाला म्हणाली, "बाबा, तुमी मिनिटाले सत्तर शब्द बोलता. परीक्षेत शंभर असतेत." आणि पुन्हा हेडफोन चढवून लिहायला बसली.

हे सांगताना त्यांना हसू येत होतं की रडू, मला कळेना. त्यांनाही कळत नसावं. हाराची झेंडू-शेवंती बोटांनी कुस्करत ते बसून राहिले. शेठ गल्ल्यावरून सगळं ऐकत होते.

"थे सबन, सगळंच्या सगळं, मले परत म्हनून दाखवा म्हटलं त मले नाई जमनार," शेवटी ते म्हणाले. "मीच बोललो होतो, तरी नाई जमनार. पोट्टी पास होते का नाई, मले मालूम नाई. पन होनार नाई हे मी कोन सांगनारा?"

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि अकोल्याचा नंबर लावला. पलीकडून कुणी उचलला, पण कूलरच्या घरघरीत त्यांना काही ऐकू येईना. ते उठून बाहेर जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. कानाला फोन तसाच धरून त्यांनी शेठना सांगितलं, कूलर बंद करा. आमच्या शेठनी उन्हाळ्यात दुकान उघडं असताना कूलर कधी बंद केला नव्हता. ते उठले आणि त्यांनी स्वतः बटण बंद केलं. खसमधून पाणी गळण्याचा आवाज तेवढा राहिला. रस्त्यावरचे रिक्षावाले वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं महादेवभाऊ बोलले.

"राम राम पाव्हने. त्या दिवशी जमत नाई. पोरीची परीक्षा हाय." पलीकडचं त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. "नाई, परीक्षा नाई सरकत. साक्षगंध सरकते." पुन्हा ऐकलं. "आन पोरगी नोकरी करन. लागली त करनच." आणि फोन खिशात घातला.

काय म्हणाले म्हणून मी विचारलं. विचार करून सांगतो म्हणाले, असं उत्तर आलं. मी अकोल्याची आहे. अकोल्याचा माणूस विचार करून सांगतो म्हणाला, म्हणजे त्याचा विचार करून झालेला असतो. तो फोन पुन्हा आला नाही. महादेवभाऊंनी कुस्करलेला हार तसाच फोटोला घातला. शेठनीही तो दिवसभर तसाच राहू दिला.

परीक्षेला बापच तिला ऑटोनं घेऊन गेला. बाहेर रस्त्यावर उभा राहिला, चहावाल्याला पोरीची हकिगत सांगितली, आणि ऐकणारे वाढले तसं पुन्हा पुन्हा सांगितली, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

निकाल पावसाळा संपता संपता लागला. जयाचं नाव नव्हतं. थोडक्यात गेलं म्हणे, टाइप करताना चुका झाल्या. मला वाटलं, झालं. आता कूलर बंद, पाऊसही सरत आला, आणि अकोला नाही तर अचलपूर, कुठलं तरी स्थळ येईल आणि शोभावहिनी म्हणतील, मी म्हणत नव्हते? सांत्वनाची दोन-चार वाक्यं मी जुळवून ठेवली होती. महादेवभाऊ सकाळी आले, हार घातला आणि पिशवीतून तो हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. घामानं गाद्यांचं वरचं कातडं उकललं होतं, काळे पापुद्रे सुटत होते. परत करायला आणलाय असं मला वाटलं.

"गाद्या बदलून द्या ताई," ते म्हणाले. "पुढच्या परीक्षेले बसते थे."

मी नव्या गाद्या शोधून काढल्या. बसवता बसवता, सहज विचारल्यासारखं विचारलं, की वहिनी काय म्हणतात, घरी आता कसं आहे. म्हणाले, काय सांगू, घरात रोज भांडण होतं. जयाबद्दल काही बोलायचं असलं की आता तिच्यासमोर, कूलर-बिलर सोडून, तोंडावर बोलावं लागतं. ती उलट उत्तर देते. आई चिडते, मग हे मध्ये पडतात, मग दोघी मिळून यांच्यावर. लई कटकट झाली म्हणाले. पण चेहरा पाहाल तर कटकट झालेल्या माणसाचा नव्हता. गाडी उघडी टाकून ते निवांत काउंटरला रेलून उभे होते, आणि गिऱ्हाईक हाक मारत होतं तरी हलत नव्हते.

मी विचारलं, भांडणात जिंकतं कोण?

"आमी कायचे जिंकतो," महादेवभाऊ म्हणाले. "आमचं बोललेलं आमाले आठवत नाई. तिले सबन पाठ असते."